दहातले तीन

"सर, उद्या येता ना?" असं विचारलं की ते हातातलं काम थांबवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "येईन असं वाटते. पण पक्कं कोणाले सांगता येते बाप्पा?"

ऑफिसात नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, म्हातारा टाळाटाळ करतोय. मग हळूहळू त्याच्या लक्षात यायचं, की सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन, पंख्याखालची खुर्ची सोडून खिडकीजवळच्या तापलेल्या खुर्चीत बसलेला माणूस रोज तोच असतो. येण्यात त्यांनी कधी कसूर केली नाही, फक्त येण्याची हमी दिली नाही. 'नक्की', 'हमखास', 'शंभर टक्के' हे शब्द समोर कुणी उच्चारले की घासात खडा लागावा तसा त्यांचा चेहरा व्हायचा. पुतणीचं लग्न ठरवायला दोन्हीकडची मंडळी बसली होती, तेव्हा मुलाचे वडील म्हणाले, "मुलगी आमच्याकडे सुखात राहील, तुम्ही काही चिंता करू नका." यांनी अगदी मनापासून, जाणून घ्यायच्या इच्छेनं विचारलं, "कायच्यावरून म्हणता?" लग्न झालं, पुतणी सुखातही आहे. पण त्या घरच्या कुठल्या कार्यात काकांना पुन्हा कुणी पुढे बसवलं नाही. हे त्यांनीच मला सांगितलं आणि वर म्हणाले, "इचारलं त्यात माहं काय चुकलं, सांग."

आयुष्यभर त्यांनी कॉलेजात गणित शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर आमच्या संस्थेत आले. संस्था म्हणजे सदर भागातल्या एका चष्म्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या. काम उन्हाचं. नागपूरचं ऊन काही कुणाला समजावून सांगावं लागत नाही, पण ऊन किती आहे हे सांगणं आमचं काम नव्हतंच. तापमान, हवेतला ओलावा, रात्रही तापलेली राहिली का, कुठल्या वस्तीत कसली छपरं, मागच्या उन्हाळ्यांत कुठून किती रोगी दवाखान्यात आले, असं सगळं घेऊन सरांनी एक गणिती मॉडेल बांधलं होतं. येत्या दोनतीन दिवसांत अमुक वस्तीत उन्हानं माणसं पडायला लागतील याची शक्यता किती, ते सांगणारं. आत काय होतं ते मला आजही कळत नाही. त्यांच्या फळ्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी आणि तिथून भिंतीवर उतरणारी समीकरणं मी पाहिली आहेत. भिंतीवर लिहू नका म्हणून घरमालक येऊन भांडून गेला होता.

त्या समीकरणांतून जे निघायचं, ते माणसांना कळेल अशा मराठी-हिंदीत लिहायला त्यांना कुणीतरी हवं होतं. माझी मुलाखत त्यांनीच घेतली.

"दहावीत गणितात किती?"

"काठावर पास, सर."

"बरं. आता आयक." मग पाच-सात मिनिटं ते बोलत राहिले. थांबले आणि म्हणाले, "आता तुले काय समजलं, ते मले सांग."

मी म्हटलं, "काहीच नाही समजलं."

त्यांनी टेबलावर थाप मारली आणि आत ओरडून सांगितलं, "हिले घ्या!" माझ्या आधी आलेले सगळे 'समजलं सर' म्हणून गेले होते. सरांचं म्हणणं होतं, 'समजलं' म्हणणारा माणूस पळून जाऊन राहिला असतो. त्याला दारातच पकडायला पाहिजे.

ही पकडापकडी त्यांची सगळीकडे चालायची. ते राहायला कामठीला होते. गाडी त्यांना आयुष्यात चालवता आली नाही. रोज शेअर ऑटोनं यायचे, आणि आदल्या दिवशी आम्ही दोघांनी लिहिलेलं वाक्य ऑटोत शेजारच्या माणसाला म्हणून दाखवायचे. मग विचारायचे, "तुमाले काय समजलं, सांगा बरं?" कुणी भाजीवाली असायची, कुणी छावणीतला फौजी, कुणी कॉलेजची पोरगी. फौजी म्हणाला, "ऑर्डर क्या है, वो बोलो." भाजीवाली म्हणाली, "भाऊ, तुमाले घरी कोणी बोलत नाही का?" हे सगळं ते आल्या आल्या मला सांगायचे, हसत नाही, गंभीरपणे, त्यांच्यासाठी ती परीक्षेची तपासलेली उत्तरपत्रिका होती. त्या दिवशी वाक्य पुन्हा पहिल्यापासून. उन्हाळाभर त्यांच्या शर्टाच्या खिशात एक कांदा असायचा. एवढं मोठं मॉडेल बांधणारा माणूस उन्हाची लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतो, याचं आम्हाला हसू यायचं. ते म्हणायचे, "उपयोग होत असंल का? सांगता येत नाही. नुकसान काय? वास. तेवढा चालते मले."

कामाच्या बाबतीत मात्र त्यांचा एक हट्ट होता आणि त्यावरून संस्थेत रोज वाद व्हायचे. एकच अंदाज सगळ्यांना एकाच साच्यातून द्यायचा नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांना वेगळा, आशाताईंना वेगळा, यंत्रमागवाल्यांना वेगळा. "डॉक्टरले खाटा पाह्यजे, तर त्याले खाटांतच सांगा," असं म्हणायचे. एका डॉक्टरांशी बोलायला मी त्यांच्यासोबत गेले होते. डॉक्टर तरुण होते, डोळे झोपेनं लाल. सरांनी वक्ररेषा काढून दाखवायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, "सर, मला फक्त सांगा, बर्फ किती मागवून ठेवू?" बाहेर आल्यावर सर जिन्यातच बसले आणि म्हणाले, "पोरी, आपण दोन वर्षं ज्याचं उत्तर काढून राहिलो, तो त्याचा प्रश्नच नाही." मग आठवडाभर बसून त्यांनी मॉडेलला बर्फाची भाषा शिकवली. म्हणजे अंदाज आला की डॉक्टरांना जायचं ते असं: बहुतेक दिवशी एवढा बर्फ पुरेल, पण अशा दहा दिवसांतले तीन दिवस पुरणार नाही.

'दहातले तीन' हे त्यांनी असंच सगळीकडे रुजवलं. टक्के म्हटलं की लोकांना परीक्षा आठवते, तीस टक्के म्हणजे नापास, म्हणजे काही होत नाही, असं त्यांचं निरीक्षण होतं. दहातले तीन म्हटलं की निदान तीन तरी डोळ्यांसमोर येतात.

ते समजावायला त्यांनी कामठीच्या कुंभाराकडून छोटी छोटी दहा मडकी आणली होती. त्यातल्या तीन मडक्यांच्या बुडाला भोक पाडलेलं. कामठीच्या आरोग्य केंद्रात आशाताईंचं प्रशिक्षण होतं, तिथे त्यांनी ती जमिनीवर मांडली. म्हणाले, "डोळे मिटून एक उचला, मांडीवर ठेवा. मी पाणी ओततो." ताया खिदळायला लागल्या. कुणी पुढे येईना. शेवटी नसीमताई आल्या. मागांच्या वस्तीत काम करणाऱ्या, चाळिशीच्या आतल्या, मोठ्या आवाजाच्या. नवरा पावरलूमवर होता. त्यांनी मडकं उचललं, सरांनी पाणी ओतलं, काही झालं नाही. त्यांनी विजयी मुद्रेनं सगळीकडे पाहिलं. "देखा? कुछ नहीं होता." सर म्हणाले, "दुसरं उचला." दुसऱ्यातही पाणी राहिलं. तिसरं मडकं मांडीवर घेतलं आणि पाणी सरळ सलवारीतून चपलेपर्यंत गेलं. अख्खी खोली हसली. त्याही हसल्या, ओढणीनं पाणी झटकत म्हणाल्या, "अरे, मतलब दो बार बच गए तो तीसरी बार भी बचेंगे, ऐसा नहीं!"

सर लहान मुलासारखे खूश झाले. त्या दिवशी ऑफिसला परतताना ऑटोत त्यांनी कुणालाच वाक्य म्हणून दाखवलं नाही. नुसते बाहेर पाहत बसले होते.

मागांच्या वस्तीसाठी आम्ही एक वाक्य लिहिलं होतं. त्याला अख्खा दिवस लागला होता. उन्हाळ्यात कोरड्या वाऱ्यानं सूत तुटतं, म्हणून मागाच्या शेडच्या खिडक्या बंद ठेवतात, पंखे लावत नाहीत, जमिनीवर पाणी मारतात. वर पत्रा. आतली हवा म्हणजे झाकण ठेवलेलं पातेलं. मॉडेलला हे दिसत नव्हतं. त्याला बाहेरचं तापमान दिसायचं. सरांना कामठीत राहून हे माहीत होतं, पण आतलं मोजमाप हातात नसताना एखादा आकडा कल्पनेनं मॉडेलमध्ये घुसवणं त्यांना पाप वाटायचं. त्यापेक्षा जे माहीत नाही ते तसं सांगावं. म्हणून वाक्य झालं: 'हा अंदाज उघड्यावरचा आहे. पत्र्याखाली याहून वाईट असेल. किती वाईट, ते आम्हाला कळत नाही.'

संस्थेतल्या एकानं म्हटलं, "शेवटचा तुकडा काढा ना सर. आम्हाला कळत नाही, असं आपणच काय सांगायचं?"

"मग खोटं सांगू का?" सर म्हणाले. "तो तुकडा हाय म्हणून तर लोक इश्वास ठेवून राहिले."

आणि ठेवत होते. सगळे नाही. पण दोन उन्हाळे नसीमताई तो निरोप घेऊन शेडशेडमधून फिरल्या, वाचून दाखवत. काही मालकांनी भर दुपारी माग बंद ठेवायला सुरुवात केली. काहींनी त्यांना हाकलून दिलं. त्या पुन्हा जायच्या.

मग प्रकल्प मोठा झाला. बाहेरून निधी आला, निधीबरोबर एक साहेब आले. आम्ही सदर सोडून मिहानमधल्या काचेच्या इमारतीत गेलो. कामठी शहराच्या एका टोकाला, मिहान दुसऱ्या. सर दोन ऑटो आणि एक बस बदलून यायला लागले. आत एवढी थंडी असायची की ते मे महिन्यात स्वेटर घालून बसायचे. उन्हाचा अभ्यास स्वेटर घालून, असं आम्ही म्हणायचो, तेव्हा तेही हसायचे.

साहेब वाईट नव्हते. हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण पुढची हकीकत ऐकली की लोक त्यांना शिव्या देतात. हुशार होते, नम्र होते, वेळेवर यायचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. निरोप लांब आहेत, बरेच लोक उघडतही नाहीत. हे खरं होतं. प्रत्येकाला वेगळं सांगायचं तर एका शहरातच दमछाक होते. दहा शहरांत कसं न्यायचं? हेही खरं होतं. त्यांना नकाशा हवा होता. वस्तीला एक रंग. हिरवा, पिवळा, लाल.

सरांनी त्यांच्यासमोर मडकी मांडली.

मोठी बैठक होती. काचेचं टेबल. सर म्हणाले, "एक उचला साहेब."

साहेबांनी मडक्यांकडे पाहिलं, मग आपल्या पँटकडे. "तुम्हीच सांगा ना सर, यातलं फुटकं कोणतं?"

"ते मले माहीत नाही."

"मग मॉडेल करतं काय?"

सगळे हसले. मीही हसले असेन. हसण्यासारखंच बोलले होते ते. सर मात्र उत्तर द्यायला लागले. "मॉडेल सांगते, किती फुटके हायेत. कोणतं, ते उचलल्यावरच—"

"सर," साहेब मृदूपणे म्हणाले, "लोकांना एवढं नको असतं. लोकांना सिग्नल कळतो."

"पिवळा म्हणजे काय सांगता तुमी त्याइले?"

"सावध राहा."

"सावध म्हणजे? माग बंद करू का चालू ठेवू?"

"ते ज्याचं त्यानं ठरवायचं."

"कायच्यावरून ठरवंल तो? तुमी त्याले कायी सांगतलंच नाही तं!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं नाही, आवाज चढवला नाही. म्हणाले, "सर, सोपं करणं हेही एक कौशल्य आहे." आणि पुढच्या विषयाकडे वळले. मडकी तशीच टेबलावर राहिली. कुणीतरी त्यांचे फोटो काढले.

दहातले चार किंवा त्याहून जास्त असेल तर लाल, असं ठरलं. त्याखाली पिवळा, नगण्य असेल तर हिरवा. वाक्यांना नकाशात जागा नव्हती. सर आणि मी साहेबांशी खूप भांडलो, तेव्हा रंगाच्या कोपऱ्यात एक बारीक गोल खूण ठेवायला परवानगी मिळाली. तिच्यावर बोट ठेवलं की पत्र्याचं ते वाक्य उघडायचं. सरांनी ते आपल्या फोनवर करून पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांचं जाड बोट त्या खुणेवर बसलं. मला म्हणाले, "कोण ठेवंल वं बोट?"

त्या उन्हाळ्यात ते रोज संध्याकाळी कामठीला उतरल्यावर मागांच्या वस्तीत जायचे आणि जो भेटेल त्याला सांगायचे, पिवळ्यावर जाऊ नका. लोक ऐकायचे. म्हणायचे, "लेकिन सर, आपके ही ऑफिस का तो है." काकू, म्हणजे त्यांची बायको, मला फोनवर म्हणाल्या होत्या, "घरी आले की बोलतच नाहीत गं. ताट समोर ठेवलं तर ताटाकडे पाहत राहतात."

मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्याकडे दुसऱ्या शहरातले पाहुणे आले होते. मोठ्या पडद्यावर नकाशा लावला होता. साहेब माहिती देत होते, सर स्वेटर घालून कोपऱ्यात बसले होते. कामठी पिवळी होती. सरांचा फोन वाजला. ते बाहेर गेले नाहीत, तिथेच उचलला.

समोरून नसीमताई बोलत होत्या. त्यांचा आवाज मला माझ्या खुर्चीवरून ऐकू येत होता. नवऱ्याला शेडमधून उचलून आणलं होतं. अंग भट्टीसारखं, घाम नाही, बरळत होता. "किधर लेके जाऊँ सर? किधर जगह है?"

कुठल्या दवाखान्यात खाट आणि बर्फ असेल, हे मात्र त्यांच्या मॉडेलला नेमकं कळत होतं. सरांनी त्या तरुण डॉक्टरांना फोन लावला. खाट होती, बर्फही होता. मग पुन्हा नसीमताईंना. "तिथं न्या. पाणी टाकत राहा अंगावर. पाणी टाकत राहा." पाहुणे मागे वळून बघायला लागले होते. साहेब थांबले. सर फोन कानाला लावून उभे होते आणि पडद्याकडे पाहत होते. पलीकडून काही ऐकू येत नव्हतं, तरी बराच वेळ ते म्हणत राहिले, "पाणी टाकत राहा."

डॉक्टरांनी जमेल ते सगळं केलं. संध्याकाळी नसीमताईंचा नवरा गेला. त्याच दिवशी त्याच वस्तीतल्या दुसऱ्या शेडमधला आणखी एक विणकर गेला.

चौकशी झाली. निष्कर्ष असा, की मॉडेल चुकलं नव्हतं. पिवळ्यातही धोका असतोच, तो त्या दिवशी खरा ठरला. हे गणितानं बिनचूक होतं. सरांनीच शिकवलेलं गणित होतं. साहेबांनी ते अगदी सरांच्याच शब्दांत लिहिलं होतं: दहातले तीन.

मग साहेब म्हणाले, घरच्या लोकांना कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं, आणि तुमच्याइतकं चांगलं कोण सांगणार? सर नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "जातो."

मी सोबत गेले. घरात पुढच्या खोलीत नसीमताईंचा दीर बसला होता. नवरा गेल्यानंतरचे पाळायचे दिवस चालू होते, त्यामुळे त्या परपुरुषासमोर येणार नव्हत्या. आतल्या दाराला पडदा होता आणि त्या पडद्यामागे बसल्या होत्या. मी आत जाऊन त्यांच्याजवळ बसले. सर बाहेर, खुर्चीच्या कडेवर. पडद्याखालून मला त्यांचे पाय दिसत होते. चपला बाहेर काढून आलेले, धुळीनं भरलेले.

सरांनी घसा साफ केला. "बाई, त्या दिवशीचा अंदाज," एवढं म्हणाले आणि थांबले.

नसीमताईंनीच बोलायला सुरुवात केली. तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "सर, एक बात पूछनी थी. लालवाले दिन मैं उनको जाने नहीं देती थी. झगड़ा करती थी, दरवाज़े में खड़ी हो जाती थी. उस दिन वो खुद बोले, तबियत ठीक नहीं लगती, छुट्टी ले लूँ क्या. मैंने फोन में देखा. पीला था." त्यांनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "तो मैंने ही बोला, जाओ. आज पीला है."

बाहेर दीर रडायला लागला.

"मैं बराबर समझी थी ना सर? पीले का मतलब?"

पडद्यापलीकडून सरांचा आवाज आला. "हाव. बराबर समजली होती तू."

"फिर गलती किधर हुई?"

पडद्याखालचे पाय हलले. मला वाटलं ते उठताहेत. ते उठले नव्हते. खुर्चीवरून खाली जमिनीवर बसले होते. तसेच बसून राहिले. चहा आला, थंड झाला. पडद्याच्या अलीकडे आम्ही दोघी, पलीकडे ते दोघं. निघताना त्यांना हात धरून उठवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले आणि साहेबांना म्हणाले, रंग काढा. साहेब म्हणाले, या घटनेनंतर तर नकाशाची गरज जास्तच पटली आहे. पिवळ्याच्या दोन छटा करू, हवं तर. सरांनी स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि घरी गेले. तो स्वेटर पुढे बरेच दिवस तिथेच होता. नकाशा आज सात शहरांत चालतो.

मीही ते काम सोडलं. आता सदरमध्येच एका छापखान्याच्या ऑफिसात असते. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मी त्यांना भेटायला कामठीला गेले. काकूंनी दार उघडलं ते साखळी लावूनच. आत घेतल्यावर पुन्हा साखळी. सर आतल्या खोलीत पलंगावर बसले होते. दाढी वाढलेली. फळा नव्हता, कागद नव्हते. काकूंनी चहा करायला गॅस पेटवला, तर सर उठून स्वयंपाकघरात गेले आणि गॅस बंद होईपर्यंत तिथेच उभे राहिले.

"भाजीले जाऊ देत नाहीत," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "देवळात नाही, माहेरी नाही. हिवाळ्यातही नाही. म्हणते, कायी होऊ शकते. मी म्हटलं, आयुष्यभर होऊ शकतंच होतं ना हो, तेव्हा नाही घाबरले तुमी. तर म्हणते, तेव्हा मले माहीत नव्हतं."

हा माणूस सगळं जग शक्यतेवर चाललंय हे जाणून त्यात निवांत राहिलेला होता. तिनाबरोबर त्याला सातही दिसायचे. आता सात दिसेनासे झाले होते. मी मॉडेलविषयी काही बोलले नाही. निघाले तर त्यांनी मनगट धरलं.

"जाऊ नको."

"ऑटो लगेच मिळेल, सर."

"मिळंल. जाऊ नको."

ऊन कलेपर्यंत मी बसले. मग काकूंनी त्यांचा हात सोडवला.

तेव्हापासून उन्हाळ्यात रोज दुपारी त्यांचा फोन येतो. इकडचं तिकडचं काही बोलत नाहीत. विचारतात, "कुठं हायेस?" सुरुवातीला मी खरं सांगायचे. बँकेत आलेय सर, बाजारात आहे सर. मग पलीकडे श्वास वाढायचा, काकू फोन घ्यायच्या, नंतर कळायचं की ते दिवसभर दारात येरझारा घालत होते. आता मी उत्तराचा विचार करत नाही. काल भर दुपारी सदरच्या चौकात उभी होते, सिग्नल सुटायची वाट पाहत, डोक्यावर ओढणी, सगळीकडून हॉर्न वाजत होते, बस अगदी कानाशी ओरडत होती.

"कुठं हायेस?"

"घरातच आहे, सर."

हॉर्न थांबेनात. त्यांना ते ऐकू येत होते. मला कळत होतं की त्यांना ऐकू येत आहेत.

"बरं," ते म्हणाले. "घरातच राह्य."